उंदराचं औषध, क्रोसिन आणि आंब्याची कोय: कुत्र्या-मांजरांचे घरातले धोके आणि दवाखान्यात पोचेपर्यंतचा वेळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात दोन वर्षांचा, साधारण ३० किलोचा लॅब्रॅडॉर आणि चार किलोचा बोका आहे. सोसायटीनं उंदरांसाठी औषध टाकलंय आणि शेजारच्या कुत्र्याला त्यातून विषबाधा झाली. घरात कशाकशाची काळजी घ्यायची, आणि काही खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढावी का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी: नाही. मिठाच्या पाण्यानं उलटी होतेच असं नाही. झाली नाही तर ते मीठ रक्तात जातं, सोडियम वाढतं आणि विषाचा परिणाम दिसायच्या आत मिठानंच थरथर आणि आकडी सुरू होते. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हाच. इंटरनेटवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा सल्लाही भरपूर दिसतो. तो ३ टक्क्यांच्या द्रावणासाठी लिहिलेला असतो आणि आपल्याकडे केमिस्टकडे मिळणारी बाटली बहुधा ६ टक्क्यांची असते. म्हणजे वाचलेल्या मापानं पाजलं तर दुप्पट पोटात जातं आणि जठराचं अस्तर भाजतं. मांजराला तर पेरॉक्साइड कोणत्याच मापानं द्यायचं नाही. दूध, तूप, कच्चं अंडं, लिंबू हेही नको. काही विषं स्निग्ध पदार्थांबरोबर जास्त वेगानं शोषली जातात. शिवाय गुंगीत असलेल्या जनावराच्या तोंडात काहीही ओतलं तर ते फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो, मग विष उतरलं तरी तो निस्तरत बसावं लागतं.

उलटी काढायचीच असेल तर ती दवाखान्यात, इंजेक्शन देऊन. खाल्ल्यापासून पहिल्या एक-दोन तासांत तिचा खरा उपयोग होतो. अ‍ॅसिड, फिनेल, रॉकेल पोटात गेलं असेल, जनावर सुस्त झालं असेल किंवा झटके येत असतील तर उलटी काढायचीच नसते. पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्यांत तो निर्णय आणखी जपून घ्यावा लागतो.

मग घरी करायचं काय? तोंडात उरलेलं काढा, जनावर तिथून बाजूला न्या, आणि दुसरं जनावरही त्या वस्तूपाशी जाणार नाही असं बघा. वेष्टन उचला किंवा त्याचा फोटो काढा. औषधाचं नाव पुढून मोठ्या अक्षरात असतं, पण आम्हा पशुवैद्यांना हवा असतो मागच्या बाजूला बारीक छापलेला घटक आणि त्याची टक्केवारी. पाकिटात किती होतं आणि किती उरलंय यावरून जास्तीत जास्त किती खाल्लं असेल ते धरा. ‘थोडंसंच खाल्लं असेल’ हा अंदाज बहुतेक वेळा चुकतो. मग डॉक्टरांना फोन करून चार गोष्टी सांगा: काय, किती, केव्हा आणि जनावराचं वजन. वजन आधीच लिहून ठेवा, कारण सगळा हिशेब किलोमागे होतो. घरच्या काट्यावर कुत्र्याला उचलून उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. उलटी झालीच तर पिशवीत भरून सोबत आणा. किळस वाटेल, पण त्यातले वडीचे रंगीत तुकडे बघून अर्धं निदान होतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लक्षणांची वाट बघणं. प्रत्येक विषाचं वेळापत्रक वेगळं असतं. काही अर्ध्या तासात दिसतं, काही पाचव्या दिवशी. उंदराच्या औषधात तर दोन्ही प्रकार सापडतात, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

मेणाच्या लालसर, निळ्या किंवा हिरव्या वड्या मिळतात त्यात बहुतेकदा ब्रोमॅडिओलोन असतं, ०.००५ टक्के. हे रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडतं, पण रक्तात आधीपासून तयार असलेले घटक संपेपर्यंत काहीच दिसत नाही. तीन ते पाच दिवस कुत्रा खातो, खेळतो. मग एकदम मलूल होतो, हिरड्या फिक्या पडतात, खोकला येतो (फुप्फुसात रक्तस्राव), पाय लंगडतो (सांध्यात रक्तस्राव), शी काळी होते. याला चांगला उतारा आहे, व्हिटॅमिन के-१. तो तीन-चार आठवडे रोज, जेवणाबरोबर द्यावा लागतो. पंधरा दिवसांनी कुत्रा ठणठणीत दिसतो म्हणून लोक गोळ्या थांबवतात आणि रक्तस्राव पुन्हा सुरू होतो, कारण उंदराचं औषध लिव्हरमध्ये टिकून असतं. कोर्स संपल्यावर ४८ तासांनी रक्त गोठण्याची चाचणी, म्हणजे पीटी, करून घ्या आणि ती नॉर्मल आली तरच थांबा. केमिस्टनं के-३ दिलं तर परत करा, या विषावर ते चालत नाही.

दुसरा प्रकार झिंक फॉस्फाइड: करडी-काळी पूड, लसणासारखा वास, बहुधा पिठात कालवून ठेवलेली. जठरातल्या आम्लाशी संयोग होऊन फॉस्फिन वायू तयार होतो आणि तोच मारतो, काही तासांतच. याला उतारा नाही. पोटात अन्न गेलं की आम्ल वाढतं आणि वायूही वाढतो, म्हणून ‘विष पातळ व्हावं’ म्हणून चपाती भरवणं इथे थेट घातक ठरतं. उलटीतून निघणारा वायू तुम्हालाही बाधतो. गाडीच्या काचा खाली ठेवा, आणि उलटी झाली तर ती हुंगून खात्री करत बसू नका. तिसरी, ट्यूबमध्ये मिळणारी पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट. पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग एक-दोन दिवस बरं वाटतं, आणि त्यानंतर लिव्हर बंद पडतं. तो मधला बरा वाटण्याचा काळ फसवा असतो.

सोसायटीच्या सेक्रेटरींना दोन गोष्टी विचारा: नेमका कोणता घटक टाकलाय, आणि वड्या कुलूपबंद बेट बॉक्समध्ये आहेत का. जिन्याखाली नुसत्या ठेवलेल्या वड्या हे माणसांच्या लहान मुलांसाठीही संकट आहे, त्यामुळे हा मुद्दा सभेत मांडताना एकटं पडायचं कारण नाही. चिकट पॅडवर मांजराचं पिल्लू अडकलं तर ओढू नका. खाद्यतेल चोळून सोडवा आणि नंतर भांड्यांच्या साबणानं धुवा.

आता बोक्याबद्दल. त्याच्यासाठी उंदराच्या औषधाइतकीच भीती तुमच्या औषधांच्या डब्याची धरा. पॅरासिटामॉलची, म्हणजे क्रोसिन किंवा डोलोची, ५०० मिलिग्रॅमची एक गोळी चार किलोच्या मांजराला मारू शकते. माणसाचं लिव्हर हे औषध ज्या मार्गानं निकामी करतं तो मार्ग मांजरात जवळजवळ नसतो. काही तासांत हिरड्या तपकिरी, चिखलाच्या रंगाच्या होतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. उतारा आहे (एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन), पण लवकर मिळाला तर. मांजराला ताप वाटला म्हणून ‘पाव गोळी’ देण्याची पद्धत सर्रास आहे, ती आजपासून बंद. कुत्र्याला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि नाइमसुलाइड नको. जठरात व्रण होतात, किडनी जाते. लंगडणाऱ्या कुत्र्याला घरातली दुखीची गोळी देऊन आणलं की आम्हाला आमचं सुरक्षित औषधही काही दिवस देता येत नाही, हे वेगळंच.

गोचिडांच्या औषधात तुमच्या घरासारखी, कुत्रा-मांजर एकत्र असलेली घरं हमखास फसतात. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या कित्येक थेंबांत परमेथ्रिन असतं. ते कुत्र्याला चालतं, मांजराला नाही. चुकून बोक्याला लावलं, किंवा लावलेल्या कुत्र्याला तो चाटला, तर काही तासांत कान आणि कातडी फडफडते, अंग थरथरतं, पुढे आकडी. थेंब लावल्यावर दोघांना किमान दोन-तीन दिवस वेगळं ठेवा, किंवा मांजराला चालणारंच औषध दोघांसाठी निवडा. लागलंच तर कोमट पाणी आणि भांडी घासायच्या द्रवानं धुवा, साध्या शाम्पूनं तेल निघत नाही. गरम पाणी नको, त्यानं त्वचेतून शोषण वाढतं. धुतल्यावर कोरडं करून उबेत ठेवा आणि निघा. गुरांसाठीचं डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ अंदाजे पाणी घालून कुत्र्यावर ओतणं गावाकडे चालतं. यात लाळ गळणं, सुस्ती, नाडी मंदावणं दिसतं. मांजराच्या जवळपासही ते नको.

खाण्याच्या गोष्टींत भीती आणि धोका यांचं प्रमाण फार विस्कटलेलं आहे, म्हणून आकड्यांत बोलू. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन मिल्क चॉकलेटमध्ये ग्रॅमला सुमारे २ मिलिग्रॅम, डार्कमध्ये ५ च्या आसपास आणि कोको पावडरमध्ये २० किंवा अधिक असतं. किलोमागे २० मिलिग्रॅमपासून उलट्या आणि अस्वस्थपणा, ४० ते ५० ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० ला आकडी. तुमच्या लॅबनं ५० ग्रॅमचं मिल्क चॉकलेट फस्त केलं तर १०० मिलिग्रॅम, म्हणजे किलोला ३ च्या किंचित वर. हगवण लागेल, इतकंच. त्यानंच केकसाठी आणलेली १०० ग्रॅम कोको पावडर खाल्ली तर किलोला ६५ च्या वर. तेव्हा लगेच निघायचं.

द्राक्षं, मनुके आणि बेदाण्यांत असा हिशेब चालत नाही. काही कुत्री मूठभर खाऊन पचवतात, काहींची थोड्याशा मनुक्यांनी किडनी बंद पडते. २०२१ पासून संशय टार्टारिक अ‍ॅसिडवर आहे. त्याचं प्रमाण फळागणिक बदलतं आणि त्यातून हा लहरीपणा उलगडतो. हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, म्हणून चिंचेचा गोळाही कुत्र्यापासून लांब ठेवा. प्रसादाचा शिरा, खीर, लाडू यांतला बेदाणा लोकांच्या लक्षातच येत नाही. मूठभर गेलं असेल तर उलटी काढून ४८ तास सलाइनवर ठेवणं आणि किडनीच्या चाचण्या करणं हाच मार्ग. तिसऱ्या दिवशी लघवी बंद झाल्यावर आलात तर हातात फार काही उरत नाही.

कांदा-लसणामुळे लाल पेशी फुटतात आणि शिजवल्यानं हा गुण जात नाही. कुत्र्यात किलोला १५ ते ३० ग्रॅम कांदा लागतो. म्हणजे तुमच्या लॅबला जवळपास अर्धा किलो. रश्शातला एखादा तुकडा म्हणजे संकट नव्हे. मांजरात मात्र किलोला ५ ग्रॅम पुरतात. चार किलोच्या बोक्याला २० ग्रॅम, रोज थोडा मटणाचा रस्सा घातला तरी गाठतील इतके. ‘शुगरफ्री’ शब्दाला सरसकट घाबरू नका. सुक्रालोज, स्टीव्हिया यांचं काही नाही, धोका झायलिटॉलचा. ते काही च्युइंगममध्ये आणि पीनट बटरमध्ये असतं. किलोला ०.१ ग्रॅम गेलं की कुत्र्याची साखर तासाभरात कोसळू शकते. जागा असेल तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोज चोळत न्या.

विषापेक्षा जास्त वेळा पोट उघडावं लागतं ते अडकलेल्या वस्तूंसाठी. एप्रिल ते जून आंब्याची कोय, पावसाळ्यात मक्याचं बुरकुंड. लॅब या दोन्ही गोष्टी चावत नाहीत, गिळतात. कोय जठरात आठवडे पडून राहते आणि एक दिवस आतड्यात सरकून अडकते. एक्स-रेमध्ये ती नेहमी नीट दिसत नाही, सोनोग्राफी लागते. त्यामुळे ‘वीस दिवसांपूर्वी कोय गायब झाली होती’ ही माहिती आवर्जून सांगा. मांजरांत दोरा: हाराचा, शिवणाचा, मांजाचा. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, कापूही नका. दुसरं टोक जिभेखाली किंवा आतड्यात अडकलेलं असतं, ओढल्यावर आतडं करवतीसारखं कापलं जातं.

घरातल्या वनस्पतींची यादी लांबलचक सापडेल. मनी प्लांट आणि डिफेनबेकिया तोंड चुरचुरवतात, लाळ गळते, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. ज्याला खरंच घाबरायचं तो सोसायटीच्या बागेतला सायकस, म्हणजे सॅगो पाम. त्याच्या बियांनी लिव्हर जातं. कण्हेर आणि बिट्टी हृदयावर जातात. बोका असलेल्या घरात पुष्पगुच्छातली लिली आणूच नका. परागकण अंगावरून चाटले तरी किडनी जाते. देवघरातला कापूर आणि कपाटातल्या डांबराच्या गोळ्या बंद डब्यात. फिनेलनं पुसलेली फरशी वाळेपर्यंत मांजर दुसऱ्या खोलीत. आणि होळीला भांग पोटात गेली असेल तर लाजू नका, सांगा. झोकांड्या जाणारा, थेंब थेंब लघवी गळणारा कुत्रा बघून आम्हाला अंदाज येतोच, पण तोपर्यंत नको त्या चाचण्यांवर तुमचे पैसे गेलेले असतात.

उन्हाळ्यात एकच नियम: आधी गार करा, मग गाडीत घाला. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट. १०५ च्या पुढे गेलं, हिरड्या गडद लाल झाल्या, तोल जाऊ लागला की उष्माघात समजा. नळाचं पाणी अंगावर सतत ओता, केसांच्या मुळापर्यंत जाऊ द्या, आणि पंखा किंवा एसी लावा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवला तर तो गरम होऊन उष्णता आत कोंडतो. १०३ ला आलं की थांबा, नाहीतर उलट्या बाजूनं घसरतं. नागपूर-चंद्रपुरात मे महिन्यात ४५ सेल्सिअसला संध्याकाळी सातलाही डांबरी रस्ता चटका देतो. हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा. गाडीत काच थोडी उघडी ठेवून ‘पाच मिनिटांत येतो’ हे अजिबात नको.

बाल्कनीतून मांजर पडत नाही हा समज मोडायला हवा. न्यूयॉर्कमध्ये १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंचावरून पडलेली १३२ मांजरं होती आणि ९० टक्के जगली, हे सगळे सांगतात. पडल्या जागी मेलेली मांजरं दवाखान्यात आणली जात नाहीत, हे कुणी सांगत नाही. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजर कुरतडतं आणि तिच्या कडा सुटतात. स्टीलची, घट्ट ताणलेली, पिल्लाचं डोकं जाणार नाही इतक्या बारीक भोकांची जाळी लावा. पडलेलं मांजर चालत असलं तरी दाखवाच. छातीत हवा, फाटलेला मूत्राशय हे बाहेरून कळत नाही.

पावसाळ्यात साप. नाग आणि मण्यार चावल्यावर लकवा येतो. मण्यारीच्या दंशाला तर सूजही नसते, पहाटे कुत्रा मागचे पाय ओढताना दिसतो. घोणस आणि फुरसं यांत सूज आणि रक्तस्राव. दोरी बांधू नका, जखम कापू नका, कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. माणसांसाठीचं चार सापांवरचं प्रतिविषच जनावराला देतात आणि त्याची मात्रा वजनावर ठरत नाही, सापानं किती विष सोडलं त्यावर ठरते. लहान कुत्र्याला ‘कमी पुरेल’ असं नसतं. जवळच्या कोणत्या दवाखान्यात ते ठेवलेलं असतं हे जूनच्या आधी विचारून ठेवा. बेडूक तोंडात धरून फेस आला असेल तर ओल्या फडक्यानं जीभ-हिरड्या पुसा, तोंड खाली करून बाजूनं पाणी सोडा.

आकडी आली तर चप्पल, कांदा हुंगवू नका आणि तोंडात चमचा घालू नका, जीभ गिळली जात नाही. आजूबाजूचं फर्निचर सरकवा, घड्याळ बघा, व्हिडिओ काढा. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा एकामागून एक येत राहिली की लगेच निघा. पिल्लानं वायर चावली असेल तर आधी मेन स्विच, मग हात. नंतर ठीक दिसलं तरी पुढचे २४ तास श्वास मोजा, फुप्फुसात पाणी उशिरा भरतं. झोपेत मिनिटाला ३० पर्यंत ठीक, ४० च्या पुढे दाखवा.

श्वास थांबला आणि हाक मारून, हलवून काहीच प्रतिसाद नसेल तर कुशीवर झोपवून छाती दाबा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, छातीच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते अर्धी खोल, पुरती वर येऊ देऊन. ३० दाबांनंतर तोंड मिटून नाकातून दोन श्वास. मांजराची छाती एका हाताच्या मुठीत धरून दाबता येते. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, दमलेल्या हाताचा दाब उथळ होतो. दुसऱ्यानं गाडी काढायची.

विष नसलेल्या तीन गोष्टी मात्र सकाळपर्यंत थांबवू नका. बोका वाळूत वारंवार बसतो, ओरडतो आणि थेंबही येत नाही: मूत्रमार्ग बंद आहे, दिवसभरात पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं. ‘बद्धकोष्ठ झालंय’ म्हणून एरंडेल पाजणारे बरेच असतात. मोठ्या कुत्र्याचं पोट ढोलासारखं ताणलंय आणि ओकाऱ्या येतात पण निघत काही नाही: जठराला पीळ बसलाय, काही तासांत ऑपरेशन लागतं. आणि नसबंदी न झालेल्या मादीला माज संपून एक-दोन महिन्यांनी खूप तहान, मरगळ आणि अंगावरून जाणं: गर्भाशयात पू.

घरी एका डब्यात डिजिटल थर्मामीटर, गॉज, क्रेप बँडेज, अर्ध्या लिटरची नॉर्मल सलाइनची बाटली (डोळा, जखम धुवायला), सुई नसलेली २० मिलिची सिरिंज, बोथट टोकाची कात्री, हातमोजे आणि लसीकरणाचं पुस्तक ठेवा. मांजराचं कॅरिअर माळ्यावर नको, हाताशी हवं. रात्री उघडा असणाऱ्या दोन दवाखान्यांचे नंबर फोनमध्ये हवेत. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकांचा नंबर प्रामुख्यानं गुरांसाठी आहे, शहरात रात्री त्याच्यावर विसंबू नका.

दुखणारा कुत्रा मालकालाही चावतो. उचलण्याआधी गॉजची पट्टी नाकाभोवती वळवून कानांमागे गाठ मारा, पण उलटी होत असेल, धाप लागली असेल किंवा नाक बसकं असेल तर तोंड बांधू नका, डोक्यावर टॉवेल टाका. तुम्हाला दात लागलाच तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा, हळद-चुना भरू नका, आणि कुत्र्याचं लसीकरण पूर्ण असलं तरी त्याच दिवशी स्वतःच्या डॉक्टरला दाखवा.